जाळलेली पत्रे, राहिलेली पत्रे

मागे एकदा आपण घरातल्या जुन्या पत्रांवर बोललो होतो. त्यानंतर तुमचे बरेच फोन आले आणि फिरून फिरून प्रश्न एकच होता. सासूबाई गेल्या, आई गेली, ट्रंकेच्या तळाशी पत्रांचा गठ्ठा सापडला. आता त्याचे करायचे काय? वाचायला घ्यावीत तर भिंतीला कान लावल्यासारखे वाटते, आणि टाकवतही नाहीत. एका ताईंनी सांगितले की त्यांनी गठ्ठ्याची दोरी न सोडताच तो बंबात घातला, आणि अजून पाणी तापवताना त्यांना ती दोरी आठवते.

आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही. पण त्या प्रश्नाच्या मागे लागून वाचता वाचता आम्ही एका इंग्रज नटाच्या आणि त्याच्या मित्रांच्या पत्रांपर्यंत पोहोचलो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ही माणसे. कुणी पत्रे जाळली, कुणी लपवली, कुणी कात्रीने कापली, कुणी मरेपर्यंत उशाशी ठेवली. आज त्यांचीच गोष्ट सांगणार आहोत.

नटाचे नाव विल्यम चार्ल्स मॅक्रेडी. जन्म १७९३ चा. बाप नाटक कंपनी चालवायचा. मुलाने वकील व्हावे म्हणून त्याला रग्बीच्या मोठ्या शाळेत घातले होते, पण बापाचे दिवाळे वाजले, शाळा सुटली आणि पोराला तोंडाला रंग लावावा लागला. १८१० साली बर्मिंगहॅममध्ये तो रोमिओ म्हणून पहिल्यांदा उभा राहिला. पुढे शेक्सपिअरचा सर्वांत मोठा नट म्हणून त्याचे नाव झाले, लंडनची दोन मोठी थिएटरे त्याने स्वतः चालवली, पण आपण नट आहोत याची खंत त्याच्या मनातून कधी गेली नाही. आपल्याकडेही नाटकवाल्याला मुलगी द्यायला लोक कचरत असत, ते आठवा. तिकडेही नटाचे कौतुक पडदा पडेपर्यंतच.

त्यात माणूस रागीट. १८३६ साली ड्रुरी लेन थिएटरच्या मॅनेजरने त्याला 'तिसरा रिचर्ड' नाटकाचे फक्त पहिले तीन अंक करायला लावले. एवढ्या मोठ्या नटाला अर्ध्यावर उठवायचे! प्रयोग संपल्यावर मॅक्रेडी मॅनेजरच्या खोलीत शिरला आणि त्याने त्याला बदडले. कोर्टात दीडशे पौंड भरपाई द्यावी लागली. हे सगळे त्याने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे, आणि नंतर वाटलेली लाजही. रोज रात्री तो लिहायचा. कुणावर ओरडलो, कुठे चुकलो, प्रयोग कसा पडला, देवापाशी क्षमा मागितली. दुसऱ्या कुणी वाचावे म्हणून ते लिहिलेले नव्हते.

अशा माणसाला मित्र कसे मिळाले, असे आम्हांलाही वाटले. पण मिळाले, आणि कसे! १८३७ साली जॉन फॉर्स्टर नावाच्या लेखक-मित्राने त्याची गाठ एका पंचविशीतल्या तरुणाशी घालून दिली. तो तरुण म्हणजे चार्ल्स डिकन्स. लहानपणी हा पोरगा स्वस्तातल्या जागेवर बसून मॅक्रेडीची नाटके बघत असे. दोघांच्या वयात जवळजवळ एकोणीस वर्षांचे अंतर, पण मैत्री जडली ती तीस वर्षांवर टिकली. १८३९ साली डिकन्सने 'निकोलस निकलबी' ही कादंबरी त्याला अर्पण केली, आणि त्याच वर्षी झालेल्या मुलीचे नाव ठेवले केट मॅक्रेडी डिकन्स. ही केट ध्यानात ठेवा, शेवटी ती परत येणार आहे.

पत्रांचाही तो सुगीचा काळ होता. १८४० पर्यंत इंग्लंडात टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याने द्यायचे असत, आणि लांबचे पत्र गरिबाला परवडत नसे. त्या वर्षी जानेवारीत देशभर कुठेही एक पेनी असा दर झाला. लंडनमध्ये तर दिवसातून बऱ्याच वेळा टपाल वाटले जाई. सकाळी पाठवलेल्या चिठ्ठीला दुपारी उत्तर. दुःखाच्या पत्राला काळी किनार असायची. आपल्याकडे कार्डाचा कोपरा फाडायचे, तसे. उघडण्याआधीच छातीत धस्स व्हायचे.

१८४० च्या नोव्हेंबरात मॅक्रेडीच्या घरात ती वेळ आली. त्याची तीन वर्षांची मुलगी जोन गेली. डिकन्सची 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' ही कादंबरी तेव्हा हप्त्याहप्त्याने छापून येत होती आणि त्यातली लहानगी नेल मरणाच्या दारात होती. जानेवारीत मॅक्रेडीने डिकन्सला गाठून विनवले की तिला मारू नकोस. डिकन्स शरमला, पण त्याच्या हातून नेलचे मरण लिहून झालेले होते. दुसऱ्याच दिवशी हप्ता मॅक्रेडीच्या हातात आला. त्यात मेलेल्या पोरीचे चित्र होते. ते पाहून अंगातले रक्त गोठले, असे काहीसे त्याने त्या रात्री रोजनिशीत लिहिले. मित्राने लिहिलेले वाचून जोन पुन्हा गेल्यासारखे झाले, आणि मित्रावर रागावताही येईना.

पुढच्या वर्षी डिकन्सच्या डोक्यात अमेरिकेचा दौरा आला. बायकोने बरोबर यावे असा हट्ट. बायको कॅथरिन, चार मुले, सर्वांत धाकटे अजून वर्षाचेही नाही. प्रवासाचा विषय निघाला की ती रडायची. डिकन्सने सल्ला विचारला तो मॅक्रेडीला. मॅक्रेडीचे म्हणणे पडले की मुलांना इथे ठेवा, आम्ही बघतो. झाले! १८४२ च्या जानेवारीत नवराबायको बोटीवर चढली. जाताना मुलांचे एक चित्र तेवढे कॅथरिनच्या सामानात होते.

इथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. मोठ्या मैत्रीची उदाहरणे देताना मॅक्रेडीने मित्राची पोरे सांभाळली असे सांगतात. आता सांभाळली म्हणजे कुणी? मॅक्रेडी तर त्या दिवसांत थिएटर चालवत होता, मध्यरात्री घरी यायचा. सांभाळली ती मॅक्रेडीबाईंनी, ज्यांचे नावही कॅथरिनच, आणि त्याची बिनलग्नाची बहीण लेटिशिया हिने. स्वतःच्या घरात मुलांचा गोतावळा असताना ही चार आणखी. मॅक्रेडीबाई मूळच्या नाटकातल्या. लहान असताना पाठांतर चुकले म्हणून याच मॅक्रेडीने तिला झापले होते, आणि पुढे तिच्याशीच लग्न केले. लग्नाआधी लेटिशियाकरवी तिचा अभ्यास करून घेतला, आपल्या जोडीची व्हावी म्हणून! असो.

मुले रात्री झोपायची आपल्या काकाबरोबर, जवळच्याच एका भाड्याच्या घरात. दिवस जायचा मॅक्रेडींकडे. त्यांना ते शिस्तीचे घर फारसे आवडले नाही म्हणतात. तिकडे अमेरिकेत आईबाप पत्रांची वाट बघत होते. पत्रे घेऊन निघालेली बोट वादळात सापडली आणि आठवड्यांवर आठवडे गेले. अखेर वॉशिंग्टनमध्ये गठ्ठा हाती पडला. तोवर त्या बाईच्या जिवाचे काय झाले असेल, ते पोर दुसऱ्याकडे ठेवून कामाला गेलेल्या आपल्यातल्या कुणीही सांगावे. जूनअखेर दोघे परत आली तेव्हा थोरल्या चार्लीला इतका आनंद झाला की त्याला झटकेच आले.

त्या चौघांतले तान्हे म्हणजे वॉल्टर. सोळा वर्षांचा झाल्यावर बापाने त्याला हिंदुस्थानात कंपनीच्या फौजेत पाठवले. १८६३ च्या शेवटच्या दिवशी तो कलकत्त्यात गेला, बावीस वर्षांचा. ती बातमी बापाच्या हाती पडली ती नेमकी बापाच्या वाढदिवशी.

पत्रे अशी धावायची दोन्हीकडून. बाल्टिमोरहून डिकन्सने मॅक्रेडीला मनातले कडू कडू लिहिले, की मी ज्या देशाची कल्पना केली होती तो हा नव्हे. मॅक्रेडीला अमेरिका आवडायची, म्हणून इतरांना सांगण्याआधी त्याला सांगणे त्याला भाग वाटले. पुढे डिकन्सने अमेरिकेवर टीकेचे पुस्तक छापले आणि तिकडचे लोक चिडले. १८४३ साली मॅक्रेडी अमेरिकेला निघाला तेव्हा डिकन्स त्याला पोचवायला बोटीवर गेला नाही. आपल्याबरोबर दिसला तर तिकडे त्याला त्रास होईल, म्हणून.

तरी सहा वर्षांनी त्रास झालाच, मात्र वेगळ्या कारणाने. न्यू यॉर्कमध्ये अमेरिकन नट एडविन फॉरेस्ट आणि हा इंग्रज नट यांच्या चाहत्यांत वैर पेटले. १८४९ च्या मे महिन्यात मॅक्रेडी मॅक्बेथ म्हणून उभा राहिला तर अंडी, बटाटे, अखेर खुर्च्या अंगावर आल्या. तो परत जायला निघाला होता. पण गावातल्या सत्तेचाळीस प्रतिष्ठितांनी सहीचे पत्र धाडले की जाऊ नका, प्रयोग करा. त्याने केला. बाहेर जमावावर सैनिकांनी गोळीबार केला आणि वीसहून जास्त माणसे मेली. मॅक्रेडी वेष बदलून निसटला. कधी कधी सद्भावनेने लिहिलेले पत्रही न लिहिलेले बरे, असे आम्हांला ते वाचताना वाटून गेले.

आता लपवलेल्या पत्राकडे येऊ. मॅक्रेडीच्या मित्रांत कवी रॉबर्ट ब्राउनिंगही होता. मॅक्रेडीचा थोरला मुलगा विली खोकल्याने घरात पडून होता आणि त्याला चित्रे काढायचा नाद. त्याला विरंगुळा म्हणून ब्राउनिंगने एक कविता लिहून पाठवली: उंदरांना आणि मग मुलांना मागे घेऊन जाणाऱ्या हॅमलिनच्या पुंगीवाल्याची. तुम्ही-आम्ही ती गोष्ट शाळेत ऐकली आहे. ती एका आजारी पोराला धाडलेल्या टपालातून आली, हे आम्हांला आता कळले. छापायचा विचारही नव्हता. १८४२ साली पुस्तकाची पाने भरायला हवी होती म्हणून ती आत गेली. तो विली मोठा होऊन सिलोनच्या सरकारी नोकरीत गेला.

पण १८४३ मध्ये ब्राउनिंगच्या नव्या नाटकावरून त्याचे आणि मॅक्रेडीचे असे बिनसले की बोलणे बंद. प्रयोग तीनच झाले. गंमत, किंवा दुःख म्हणा, अशी की आधीच्या नोव्हेंबरात डिकन्सने ते नाटक हस्तलिखितात वाचून फॉर्स्टरला पत्र लिहिले होते, आणि त्यात नाटकाची तोंडभरून स्तुती होती. फॉर्स्टरने ते पत्र ब्राउनिंगला दाखवलेच नाही. तीस वर्षांनी, डिकन्स मेल्यावर, फॉर्स्टरने त्याचे चरित्र छापले तेव्हा ब्राउनिंगने ते पहिल्यांदा वाचले. ज्या वेळी त्या चार ओळींनी त्याला उभे केले असते, ती वेळ कधीच गेली होती. याच फॉर्स्टरने ते चरित्र लिहिताना डिकन्सच्या पत्रांना कात्री लावली, हवे ते तुकडे डिंकाने आपल्या कागदावर चिकटवले आणि उरलेले बहुतेक नाहीसे केले. मित्रप्रेमानेच केले. आम्हांला तरी जाळणाऱ्यापेक्षा कात्रीवाल्याचा राग जास्त येतो.

मॅक्रेडीने १८५१ च्या फेब्रुवारीत मॅक्बेथ करून रंगभूमी सोडली आणि तो कुटुंब घेऊन डॉर्सेटमधल्या शेरबोर्न या लहान गावी राहायला गेला. तिथे गरीब मुलांसाठी रात्रशाळा काढून स्वतः शिकवायचा. पण घर रिकामे होत गेले. थोरली मुलगी निना आधीच गेली होती. १८५२ मध्ये मॅक्रेडीबाई क्षयाने गेल्या. मुले एकामागून एक जात राहिली. लेटिशिया १८५८ मध्ये गेली. या काळात डिकन्सची पत्रे येत राहिली. थट्टेची, नाटकातल्या गप्पांची, मुद्दाम हसवणारी. १८५४ च्या डिसेंबरात तो स्वतः शेरबोर्नला आला आणि गावकऱ्यांना 'ख्रिसमस कॅरोल' वाचून दाखवली. मॅक्रेडीने डिकन्सची ही पत्रे ठेवली.

आणि डिकन्सने? १८६० च्या सप्टेंबरात गॅड्स हिल इथल्या घरामागच्या शेतात त्याने वीस वर्षांच्या पत्रांची होळी केली. दोन वर्षांपूर्वी त्याने कॅथरिनला घराबाहेर काढले होते. बावीस वर्षांचा संसार, दहा बाळंतपणे, आणि वर्तमानपत्रात जाहीर निवेदन. गावगप्पा फार झाल्या होत्या. मुले टोपल्या भरभरून पत्रे आणत होती. मुलगी मेमी काही तरी ठेवा म्हणून गयावया करत होती. राखेत पोरांनी कांदे भाजले. त्या टोपल्यांत त्या काळातल्या कितीतरी मोठ्या लेखकांची अक्षरे होती, आणि मॅक्रेडीचीही. म्हणून आज या दोघांचे बोलणे आपल्याला बहुतेक एकाच बाजूने ऐकू येते, शेजारणीचा फोन ऐकावा तसे. मॅक्रेडी काय म्हणाला असेल ते डिकन्सच्या उत्तरावरून ताडायचे.

१८६५ मध्ये डिकन्सने मॅक्रेडीला लिहिले की खाजगी पत्रांचा चारचौघांत गैरवापर होताना रोज दिसतो, म्हणून मी आपल्या शेतात मोठी आग केली आणि होती नव्हती ती पत्रे जाळली. आता कामाचे नसेल ते प्रत्येक पत्र जाळतो आणि मनाला स्वस्थता आहे. मॅक्रेडीने ते पत्र वाचले. आपली सगळी अक्षरे गेली हे त्याला त्यातूनच समजले असेल. आणि ते पत्रही त्याने बाकीच्यांत ठेवून दिले.

डिकन्सचे अगदीच चुकले असे आम्ही म्हणणार नाही. माणसाने रागात, आजारात, कर्जात लिहिलेल्या ओळी उद्या बाजारात याव्यात असे कुणाला वाटेल? मॅक्रेडीच्या रोजनिशीचे तेच झाले. तो १८७३ मध्ये गेला. दोन वर्षांनी त्याच्या आठवणी आणि रोजनिशीतले निवडक उतारे छापले, सभ्य, जपून. १९१२ मध्ये जास्त मोकळे दोन खंड निघाले, आणि तो मारामारीवाला, लाजणारा, रडणारा माणूस सगळ्यांना दिसला. पुढे मूळ वह्या त्याच्या मुलाने, सर नेव्हिल मॅक्रेडीने, जाळल्या. हा दुसऱ्या लग्नाचा मुलगा, सैन्यातला मोठा अधिकारी. बाप ऐंशीव्या वर्षी गेला तेव्हा हा दहा-अकरा वर्षांचा होता. छापले गेले नाही ते कायमचे गेले.

राहिली कॅथरिन. घर गेले, एक थोरला सोडून मुले बापाकडे राहिली, सख्खी बहीणही नवऱ्याच्याच घरी थांबली. तिच्यापाशी उरला नवऱ्याच्या पत्रांचा गठ्ठा, लग्न ठरल्यापासूनची शंभरावर पत्रे. १८७९ मध्ये अंथरुणाला खिळली तेव्हा तिने तो केटच्या हाती दिला, हीच ती मॅक्रेडीच्या नावाची केट, आणि सांगितले की हे ब्रिटिश म्युझियमला दे, एके काळी त्यांचे माझ्यावर प्रेम होते हे जगाला कळू दे.

केटला वीस वर्षे ठरवता येईना. बापावर तिचे प्रेम होते, आईसाठी भांडली नाही याची बोचही होती. जाळून टाकावीत असेही तिच्या मनात आले. तिने नाटककार बर्नार्ड शॉला विचारले. शॉने सांगितले की प्रतिभावंत नवऱ्याच्या गळ्यात सामान्य बायको पडली म्हणून हळहळण्याचा काळ गेला, इब्सेनने तो संपवला. इब्सेन म्हणजे 'डॉल्स हाऊस'वाला. अनंत काणेकरांनी मराठीत 'घरकुल' म्हणून आणले ते नाटक. लोक आता बायकोच्या बाजूने वाचतील, असे शॉचे म्हणणे. केटने १८९९ मध्ये गठ्ठा म्युझियमला दिला, पण अट घातली की मी आणि भाऊ हेन्री जिवंत असेपर्यंत तो उघडायचा नाही. केट १९२९ मध्ये गेली, हेन्री १९३३ मध्ये. १९३५ साली पत्रांचे पुस्तक निघाले.

कॅथरिनला आलेल्या पत्रांतले एक २ डिसेंबर १८४४ चे आहे. ती मुलांबरोबर इटलीत होती आणि डिकन्स नवी नाताळकथा मित्रांना वाचून दाखवायला लंडनला आला होता. आदल्या रात्री त्याने ती मॅक्रेडीला वाचून दाखवली होती. मॅक्रेडी कोचावर बसून उघड उघड हुंदके देत रडला, तू ते पाहायला हवे होतेस, असे त्याने तिला लिहिले. जोनला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.